वावरातला गोल्फ: आधी सात नंबर घ्या

सोयाबीन निघालं की हरभरा पेरेपर्यंत आमचं वावर मोकळं असते. माझा गोल्फ तिथंच चालते.

नियमानं पिशवीत 14 काठ्या चालतात, पण नवख्याला जुन्या चार पुरे: सात आणि नऊ नंबरचं आयर्न (लोखंडी पात्याची काठी), सँड वेज (वाळूतून चेंडू काढायची), पटर (चेंडू भोकात ढकलायची). मी हौसेनं आधी ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, घेतला अन् सहा चेंडू शेजारच्या पऱ्हाटीत घातले. तुरीत गेलेला चेंडू तर तुरी सोंगल्यावरच सापडते, बाप्पा!

काठी आवळू नका, विळा धरता तशी धरा. सात नंबरला चेंडू दोन्ही पायांच्या मधोमध. काठी आधी चेंडूला लागावी, मग मातीला. हे तपासायला राखेची रेघ ओढा, चेंडू न ठेवता तिच्यावर काठी फिरवा. माती रेघेच्या मागं उडाली, तर वजन मागच्याच पायावर राहिलं समजा.

उन्हाळ्यात काळी जमीन दगड होते. तिथं सँड वेजचा जाड तळ उसळते. नऊ नंबरनं चेंडू घरंगळत न्या.

गोल्फच्या भोकाचा व्यास 108 मिलिमीटर असते. तेवढ्या तोंडाचा डबा अंगणात पुरा, रोज संध्याकाळी पटिंग करा. कोंबड्या मात्र आधी कोंडा.