लॅब्राडोरचं पिल्लू आणि ‘आण’चा धडा

दोन महिन्यांचं लॅब्राडोर घरी आलं की आठवड्याभरात कुणाचा तरी मोजा तोंडात धरून घरभर मिरवायला लागतं. मान ताठ, शेपटी गोल फिरतेय, नजर आपल्याकडे. घरातलं कुणीतरी ‘सोड, सोड’ ओरडत मागे धावतं आणि मोजा हिसकावून घेतं. असं पाच-सहा वेळा झालं की पिल्लाच्या डोक्यात पक्कं बसतं: तोंडात काही असेल तेव्हा माणसाजवळ जायचं नाही. पुढे आठ महिन्यांचा तोच कुत्रा चेंडू घेऊन मैदानभर पळतो आणि हाताला लागत नाही. मालकाला वाटतं, याला वस्तू आणता येत नाही. खरं तर उचलण्याची ओढ तो जन्मतःच घेऊन आलेला असतो. आपल्याला जपायचं असतं ते त्याचं परत येणं.

ही ओढ कुठून आली तेही माहीत असावं. लॅब्राडोरचे पूर्वज म्हणजे कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे कुत्रे. पाण्यातले दोर आणि निसटलेले मासे ओढून आणणारे. एकोणिसाव्या शतकात ते ब्रिटनमध्ये गेले. तिथल्या जमीनदारांनी, बंदुकीने पाडलेली बदकं दात न लावता आणून देतील असे कुत्रे निवडून त्यांची पैदास केली. १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने ही स्वतंत्र जात मानली. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि रानातल्या प्राण्यापक्ष्यांमागे कुत्रा सोडणंही त्यातच मोडतं. त्याने काही अडत नाही. ब्रिटनमध्येही या कुत्र्यांच्या ‘वर्किंग टेस्ट’, म्हणजे कामाच्या परीक्षा, कापडी डमीवर होतात. डमी म्हणजे पक्ष्याऐवजी टाकायची भरीव गुंडाळी. कुत्र्याला आनंद धावण्याचा, शोधण्याचा आणि आणून देण्याचा असतो. तो डमीवरही पुरेपूर मिळतो.

डमी कशी असावी

मोठ्या कुत्र्याची कॅनव्हासची डमी साधारण ४५० ग्रॅमची असते. पिल्लाला ती जड जाते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं रंगाच्या रोलरचं मऊ आवरण चालतं, किंवा जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा घ्या. त्यात मोजे घट्ट भरून दोन्ही टोकं शिवा: लांबी २० सेंटिमीटर, जाडी ५ सेंटिमीटर, वजन १५० ते २०० ग्रॅम. बटण, झिप, लोंबणारा दोरा काही नको. पिल्लू ते गिळतं. ही डमी खेळणं नव्हे. शिकवणी संपली की ती खुंटीवर जाते. दिवसभर पायात लोळणाऱ्या वस्तूचं अप्रूप राहत नाही आणि तिला चावत बसायची सवय लागते. याच कारणाने डमीशी रस्सीखेच कधीच खेळू नये. ओढाओढीत पिल्लू दात रुतवायला शिकतं आणि त्याचं मऊ तोंड, म्हणजे वस्तू हलकेच धरण्याची सवय, बिघडतं.

पहिला वर्ग: घरातला बोळ

सुरुवात मैदानावर करू नका. घरातला पॅसेज घ्या, सगळी दारं लावा, उघड्या टोकाला स्वतः जमिनीवर बसा. पिल्लाला छातीखाली हलका हात धरून डमी दाखवा, थोडी हलवा आणि दोन मीटरवर लोळत जाईल अशी टाका. ती थांबायच्या आत पिल्लाला सोडा. उचलल्यावर त्याला जायला एकच वाट उरते, तुमच्याकडची.

आता खरी परीक्षा माणसाची. पिल्लू जवळ आलं की हात डमीकडे न्यायचा नाही. त्याला मांडीजवळ घ्या, छाती चोळा, पाठ थोपटा, आणि डमी तोंडातच राहू द्या. दहा-पंधरा सेकंद कौतुक झालं की हात हनुवटीखाली धरून ‘दे’ म्हणा. सोडत नसेल तर दुसऱ्या हातातला हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा नाकाशी न्या. खाऊ आधी दाखवू नये; तो दिसला की पिल्लू वाटेतच डमी टाकून हाताकडे धावतं. लॅब्राडोर मुळातच खादाड जात आहे, त्यामुळे दिवसभराचा असा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ देऊ नका.

तीन वेळा टाका, फार तर चार. पिल्लाला आणखी हवं असतानाच थांबा. पाचव्या-सहाव्या वेळी ते अर्ध्या वाटेवर बसतं, आणि मग आपण कंटाळा येईपर्यंत शिकवलं असं होतं. दिवसातून एकच वर्ग पुरे.

बिघडतं ते बहुतेक पुढच्यापैकी एखाद्या कारणाने. पिल्लू डमी घेऊन तिथेच चावत बसलं, तर टाकल्यानंतर तुम्ही गप्प बसला असाल. त्याने उचलताक्षणी टाळ्या वाजवत दोन पावलं मागे सरका. बाजूने निसटून पळालं तर पाठलाग करू नका, उलट दिशेला पळा. पाठलाग हा पिल्लाला सगळ्यात आवडणारा खेळ आहे, तो एकदा मिळाला की पुढच्या वेळी मुद्दाम पळतं. जवळ येऊन हातभर अंतरावर थांबलं तर आधी कुणीतरी हिसकावलं आहे, एवढं समजा. त्यावर उपाय एकच: पुढचे काही दिवस डमी घेतल्यावर लगेच पुन्हा टाकायची, म्हणजे दिल्याने खेळ संपत नाही हे त्याला कळतं. आणि पिल्लाने चप्पल आणली तरी हेच वागायचं. कौतुक करा, घ्या, आणि चपला कपाटात ठेवा.

शब्द घरातल्या सगळ्यांचे एकच असावेत. आजी ‘इकडे ये’, मुलं ‘कम’ आणि बाबा नुसतं नाव, यात पिल्लू गोंधळतं. मराठी की इंग्रजी, हे त्याला सारखंच. शिट्टीही याच वयात सुरू करा: जेवणाचं भांडं ठेवताना तीन आखूड फुंका. पंधरा दिवसांत शिट्टी म्हणजे धावत ये, हे पक्कं होतं. माणसाच्या आवाजात राग येतो, शिट्टीत येत नाही.

दात पडताना विश्रांती

चौथ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत दुधाचे दात पडून नवे येतात. हिरड्या दुखत असताना डमी उचलली की तोंडात धरणं आणि दुखणं यांची सांगड बसते. डमीवर रक्ताचा डाग दिसला, पिल्लू उचलायला का-कू करू लागलं, तर हे वर्ग सरळ बंद ठेवा. तेवढ्या दिवसांत ‘बस’, ‘थांब’ आणि पट्ट्यात न ओढता चालणं शिकवा. नुकसान काहीच होत नाही.

मैदानावर

बाहेर जाताना गळपट्ट्याला नव्हे, छातीच्या हार्नेसला दहा मीटरचा हलका दोर लावा. टोकाला गाठ किंवा फास नको, झुडपात अडकतो. दोराने ओढून आणायचं नाही. पिल्लू भलतीकडे निघालं तर थांबवण्यापुरताच तो आहे. गवत आखूड असावं, अंतर पुन्हा पाच मीटरवरून सुरू करावं.

रंगाबाबत एक चूक सर्रास होते. केशरी डमी आपल्याला हिरवळीत उठून दिसते, कुत्र्याला नाही. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग वेगळा कळतो. लाल-केशरी आणि हिरवा जवळपास सारखेच दिसतात. पडताना बघून आणायची असेल तर पांढरी डमी घ्या. नाकाने हुडकायला शिकवायचं असेल तेव्हा केशरी गवतात लपवा आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सोडा, म्हणजे वास समोरून येईल.

‘थांब’ म्हटल्यावर डमी पडेपर्यंत बसून राहणं आणि ‘आण’ म्हटल्यावरच निघणं, हे सहा महिन्यांनंतर. लवकर शिस्त लावली तर काही पिल्लांची निघण्याची ओढच मंदावते. सुरुवातीला हार्नेस धरून एक सेकंद थांबवा, मग तीन, मग पाच. चारातली एक डमी तुम्ही स्वतः चालत जाऊन उचला. प्रत्येक पडलेली वस्तू आपलीच नसते, हे कुत्र्याने पाहिलं पाहिजे.

वाढत्या सांध्यांना उंच उड्या, जिने आणि गुळगुळीत फरशीवरची धावपळ सोसत नाही. उन्हाळ्यात मैदान सकाळी आठच्या आत, नाहीतर सूर्य मावळल्यावर. डांबरावर हाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर पंजेही भाजतात. जीभ लांब, रुंद बाहेर येऊन लाळ घट्ट झाली की तिथेच थांबा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरांना गाठा.

पाणी आणि आवाज

पाण्यात पिल्लाला कधीही फेकू नका. उतरता काठ, कोमट दिवस, आणि पुढे तुम्ही स्वतः गुडघाभर पाण्यात. पोहता येईपर्यंत डमी फक्त उथळ पाण्यात टाका. लसींचा सगळा क्रम पूर्ण झाल्याशिवाय तळ्यावर जाऊ नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून त्याची लस घेतली आहे ना हे डॉक्टरांना विचारून घ्या. लागोपाठ पंधरा-वीस फेऱ्यांत कुत्रा डमीबरोबर बरंच पाणी गिळतो, ते जिवावर बेतू शकतं. पाच-सहा फेऱ्या, मग विश्रांती. घरी आल्यावर कान पुसून कोरडे करा आणि कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासा.

शिकारी कुत्र्यांना बंदुकीच्या आवाजाची सवय ज्या पद्धतीने लावतात, तीच आपल्याकडे दिवाळीला उपयोगी पडते. आवाज दुरून आणि हळू सुरू व्हायला हवा, आणि त्या क्षणी कुत्रा आवडत्या कामात गुंतलेला असावा. एकाला पन्नास पावलांवर थाळी घेऊन उभं करा. पिल्लू डमीकडे धावत असताना त्याने ती एकदाच वाजवावी. कान मागे गेले, शेपटी खाली आली, तर अंतर दुप्पट करा. काही झालंच नाही असं पिल्लू धावत राहिलं, तर चार दिवसांनी दहा पावलं जवळ. हे दिवाळीच्या दोन महिने आधी सुरू करा. प्रत्यक्ष फटाक्यांच्या दिवसांत मैदानाला सुट्टी द्या, खिडक्या लावा, आणि संध्याकाळी त्याच जुन्या बोळात तीन वेळा डमी टाका.