देवगिरीवर ‘वेड्या महंमदा’ची गोष्ट कशी सांगावी

दरवर्षी सातवीची पोरं घेऊन मी देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर जातो. तुम्हीही नेणार असाल तर एक करा, किल्ल्यात शिरल्या शिरल्या दिल्लीहून राजधानी इथे हलवणाऱ्या सुलतान महंमद तुघलकाचं नाव काढू नका. आधी भारतमाता मंदिरात जा आणि पोरांना एखाद्या नक्षीदार खांबावरून हात फिरवू द्या. ही मुळात 1318 च्या सुमाराची मशीद, खांब त्याहून जुन्या देवळांचे. महंमद 1325 ला गादीवर आला. म्हणजे त्याच्या आधीच यादवांची देवगिरी दिल्लीच्या ताब्यात गेली होती. 1327 मध्ये त्याने राजधानी आणली ती नांदत्या गावात, ओसाड माळावर नव्हे.

घराण्याचं थोडक्यात सांगा. बाप गियासुद्दीन लाकडी मंडपाखाली चिरडून मेला. इतिहासकार बरनी वीज पडली म्हणतो, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता लेकावर संशय घेतो. दोन्ही सांगून मोकळे व्हा. तांब्या-पितळेच्या नाण्यांचा घोटाळा पुस्तकात असतोच.

आंधळ्याची गोष्ट मात्र सावकाश सांगा, शक्यतो खंदकाच्या कडेला बसवून. दिल्ली रिकामी करताना एक आंधळा मागे राहिला, त्याला दौलताबादपर्यंत फरफटत आणलं, पोचला तो फक्त पाय. पोरं गप्प होतात. एकदा एका मुलीने विचारलं, “सर, लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं होतं का?” तेव्हापासून हा प्रश्न मीच विचारतो. लिहिणारा इब्न बतूता दिल्लीत आला 1334 ला. वजाबाकी पोरांनाच करू द्या. शिवाय त्या काळात दिल्लीच्या टांकसाळीत नाणी पडतच होती, आणि दिल्लीजवळच्या सरबनचा 1328 चा संस्कृत शिलालेखही आहे. शहर साफ उजाड झालं असतं तर हे कुठून आलं असतं?

पण म्हणून सुलतानाला धुऊन पुसून उभं करू नका. त्या काळचा इतिहासकार इसामी, त्याचे नव्वदीचे आजोबा याच स्थलांतरात वाटेत गेले. घरातलं दुःख आहे ते. इसामीने ग्रंथ लिहिला तो तुघलकाविरुद्ध बंड करून उभ्या राहिलेल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाला राहून, हेही त्याच दमात सांगा. हा बहमनी सुलतान हसन गंगू 1347 मध्ये गादीवर बसला तो याच दौलताबादेत. आणलेली माणसं इथेच रुजली होती.

अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेत, काही सांगू नका. वटवाघळांच्या वासात कुणाचं लक्ष नसतं, पोरांचे हात धरा आणि पुढे चला.

उतरल्यावर थकवा असला तरी खुलताबाद चुकवू नका. त्या लोंढ्याबरोबर दख्खनेत आलेले सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा तिथे आहे, दिल्लीचा कवी अमीर हसनची कबरही तिथेच. दर्ग्याच्या आवारात चार माणसं बोलत बसलेली असतात. पोरांना त्यांच्याजवळ थोडा वेळ बसवा. त्यांची दख्खनी बोली कानावर पडू द्या, आणि त्यातले मराठी शब्द पोरांनाच हुडकू द्या.