पॅकेट नजरेत भरेल आणि लक्षातही राहील, असं डिझाइन कसं करायचं

स्वतःचं प्रॉडक्ट पहिल्यांदा विकायला काढणारे बहुतेक जण पॅकेटचं डिझाइन स्क्रीनवर बघून पास करतात, मोठं करून, पांढऱ्या बॅकग्राउंडवर, एकटंच. तिथं काहीही चांगलंच दिसतं हो. दुकानात मात्र त्याच फळीवर डावी-उजवीकडे त्याच जातीची बाकीची पॅकेटं खेटून उभी असतात आणि गिऱ्हाईक चालता चालता नुसती नजर फिरवत असतं. त्यामुळे डिझाइनरला फोन करायच्या आधीच एक गोष्ट पक्की करून घ्या, लक्ष वेधून घेणं आणि लक्षात राहणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. लक्ष वेधायला शेजाऱ्यांपेक्षा वेगळं दिसावं लागतं, लक्षात राहायला दर वेळी तसंच्या तसं दिसावं लागतं. पहिलं जमलं आणि दुसरं राहून गेलं तर माणूस एकदा घेतो, त्याला माल आवडतोही, आणि पुढच्या वेळी "कुठलं होतं बरं ते" करत भलतंच उचलून घरी नेतो.

सगळ्यात आधी फळीचे फोटो काढा. तुमचा माल जिथं ठेवला जाईल तशा तीन-चार दुकानांत जा, दुकानदाराला विचारा, दोन-तीन पावलं मागं उभं राहून समोरून फोटो घ्या. घरी येऊन ते शेजारी शेजारी लावले की लगेच दिसतं की सगळ्यांनी जवळपास एकच रंग धरलाय, पुदिन्याचं काही असलं की हिरवं, तसं. हा ठरलेला रंग अगदीच टाकून देऊ नका, कारण 'हे काय आहे' हे लोक त्याच्यावरूनच ओळखतात. पण एक गोष्ट ठरवून वेगळी करा, मग तो पॅकेटचा आकार असेल, एखादा मोठा रंगाचा पट्टा असेल नाहीतर मोकळी सोडलेली जागा असेल. एकसारख्या वस्तूंच्या यादीत एकच वेगळी असली तर तीच जास्त लक्षात राहते, हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1933 मध्येच दाखवलं होतं. फक्त वेगळेपण हे शेजाऱ्यांवर अवलंबून असतं हे विसरू नका, भडक लाल पॅकेट लाल फळीवर कुणालाच दिसत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती टेस्ट, आणि हिला पैसे लागत नाहीत. आपल्या डोळ्याला एका वेळी अगदी छोटा भागच स्पष्ट दिसतो, हात लांब केला तर अंगठ्याच्या रुंदीएवढा साधारण, बाकी सगळं धूसर. त्या धूसर भागात अक्षरं वाचता येत नाहीत, रंगाचे मोठे ठिपके आणि ढोबळ आकार तेवढे कळतात, आणि पुढं नजर कुठं वळवायची हे बऱ्याचदा त्यांच्यावरच ठरतं. म्हणजे तुमचं सुंदर अक्षरांतलं नाव कामाला येतं ते नजर पॅकेटवर पोचल्यानंतर, तिला खेचून आणायचं काम रंगाचं आणि आकाराचं आहे. तर डिझाइनची खऱ्या साइझची प्रिंट काढा, एखाद्या खोक्यावर चिकटवा, दुकानदार हो म्हणाला तर फळीवर ठेवून फोटो घ्या आणि मोबाइलमध्ये तो इतका ब्लर करा की एकही अक्षर वाचता येऊ नये. तरीही ज्यानं डिझाइन आधी बघितलेलं नाही असा माणूस "ते काय आहे?" म्हणत बोट तिथंच ठेवतो का ते बघा. नाही ठेवलं तर परत बसा डिझाइन घेऊन. तोच फोटो एकदा ब्लॅक अँड व्हाइटही करून बघा, कारण काही लोकांना, त्यातही पुरुषांना जास्त, लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि दोन फ्लेवरची पॅकेटं करड्या रंगात सारखीच दिसत असतील तर एक गडद आणि एक फिकं करावंच लागेल.

मग लक्षात राहण्याचं बघू. इथं एकच खूण निवडायची, फार तर दोन. कोका-कोलाच्या 1915 च्या बाटलीसाठी अटच अशी होती की अंधारात हात लावला तरी ती ओळखता आली पाहिजे, आणि खूण म्हणतात ती हीच. चित्र शब्दांपेक्षा चांगलं लक्षात राहतं, त्यामुळे चित्र किंवा आकार घेतलात तर उत्तम. बारकाव्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. 1979 मध्ये निकरसन आणि अॅडम्स या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या लोकांना त्यांचं रोजच्या वापरातलं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं तर बहुतेकांना ते धड जमलं नाही, मग तुमच्या कोपऱ्यातली नाजूक वेलबुट्टी कोण लक्षात ठेवणार? आपणही तीच पद्धत वापरायची. चार-पाच जणांना पॅकेट वापरायला द्या, दुसऱ्या दिवशी ते समोर नसताना कागद आणि रंगीत पेन्सिली देऊन काढायला सांगा. सगळ्यांच्या कागदावर जे येईल ती तुमची खूण, तीच मोठी करा, आणि जे कुणीच काढलं नाही ते बिनधास्त उडवा.

मजकुराचं थोडक्यात सांगतो. पुढच्या बाजूला नाव, वस्तू काय आहे ते आणि घ्यायचं एक कारण, बस. कायद्यानं जे जिथं छापायला सांगितलंय ते तिथंच छापा, बाकीचं मागे.

एकदा खूण ठरली की तिला हात लावायचा नाही, आणि खरा कस इथंच लागतो, कारण मालकाला आपलं पॅकेट रोज बघून कंटाळा येतो, गिऱ्हाईकाची तर आत्ता कुठं ओळख होत असते. ट्रॉपिकानानं 2009 मध्ये अमेरिकेत ज्यूसच्या खोक्यावरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढून ज्यूसचा ग्लास टाकला, ज्यूस तोच होता, पण लोकांना खोकं ओळखू येईना, दोन महिन्यांच्या आत विक्री साधारण 20 टक्क्यांनी घसरली आणि जुनं डिझाइन परत आणावं लागलं. 2011 मध्ये कोका-कोलाचे पांढरे कॅन आले तेव्हा लोक ते डाएटचे समजले, काहींना तर चवच वेगळी लागली, आणि लाल कॅन परत आले. त्यामुळे बदल करायचाच असेल तर खूण जागच्या जागी ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी अक्षरं, मग काही महिन्यांनी बॅकग्राउंड, आणि दर वेळी नवं पॅकेट जुन्याच्या शेजारी ठेवून ब्लरवाली टेस्ट परत घ्या. दोन्ही एकाच घरची वाटली तरच छापायला पाठवा.