तांब्याचा बंब पेटवताना या चुका टाळा

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला बाहेर काढलेला बंब ग्वाल्हेरात संक्रांत उलटली तरी चौकातून हलत नाही. नीट वापरला तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. खराब होतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: मधल्या नळीत जाळ असतो आणि नळीभोवती पाणी नसतं.

पाणी आहे तोवर तांबं १०० अंशांच्या फार वर जात नाही. पाणी उतरलं की नळीचा उघडा पडलेला भाग झपाट्याने तापतो, आणि सांधे जोडणारा कथलाचा डाख १८० ते २३० अंशांच्या दरम्यान वितळतो. म्हणून आधी काठोकाठ भरायचं, मग पेटवायचं. एक बादली काढली की लगेच एक बादली ओतायची. घरात पाहुणे असले, आंघोळी एकापाठोपाठ चालू असल्या, की नेमकं हेच राहून जातं. चुकून बंब कोरडा पडलाच तर घाईने गार पाणी ओतू नका; वाफ उसळून हात भाजतो आणि सांधे तडकतात. चिमट्याने निखारे बाहेर ओढा, बंबाला हात लावता येईपर्यंत थांबा, मगच भरा.

पाणी ओतायचं तोंड कधीही घट्ट बंद करू नका. टाकीची लाइन जोडून त्यावर व्हॉल्व्ह बसवणं हा त्याहून धोक्याचा प्रकार. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते. वाट मिळाली नाही तर बंब फुटतो. इथे कुठलीही तडजोड नको.

पेटवल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं राखेत थेंब पडतात, जाळ चुरचुरतो. लोक घाबरून बंब थेट तांबटाकडे नेतात. बहुतेकदा ती गळती नसते: लाकडातली वाफ गार नळीवर जमून खाली ठिबकते आणि पाणी कोमट झालं की थांबते. खात्री करायची तर राख काढून, नळी पुसून बंब रात्री भरा आणि जाळीखाली कोरडं वर्तमानपत्र ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर सांधा सुटलाय. तिथे इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरू नका, जाळापुढे ती जळून जाते. जाळाकडच्या सांध्याला पितळी डाख मागून घ्या. कथलाचा डाख तोटीपुरता ठीक.

पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतोय, आतून तडतड ऐकू येते? मग क्षार बसलेत. शहराला येणाऱ्या तिघरा धरणाच्या पाण्याने हा त्रास उशिरा होतो, बोअरच्या पाण्याने लवकर. लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे २० लिटरच्या बंबाला १ किलो, कोमट पाण्यात विरघळवून दोन तास ठेवा. मग तोटी उघडून सगळं सोडा आणि तीनदा खळखळून धुवा. संडास साफ करायचं ॲसिड मात्र पितळ आणि डाख खातं. बंबाचं पाणी आंघोळीलाच वापरा. जुन्या डाखात शिसं असू शकतं, तेव्हा ते स्वयंपाकाला नको.

लाकूड बाभळीचं किंवा आरा मशीनवरच्या ढलप्यांचं चालेल, पण सहा महिने वाळलेलं हवं. २० लिटर पाणी १२ अंशांवरून ४५ वर न्यायला साधारण २८०० किलोज्यूल लागतात. वाळल्या लाकडात किलोमागे १५,००० असतात, त्यामुळे बरीच उष्णता धुराबरोबर गेली तरी अर्धा-पाऊण किलोत भागतं. ओलं लाकूड दुप्पट जाळूनही पाणी कोमटच, वर नळीत डांबरासारखा चिकट थर. प्लायवूड, रंगवलेली चौकट, प्लॅस्टिक यांचा धूर विषारी, ते टाकूच नका.

बंब मोरीत आणून दार लावायचं नाही. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येत राहतो, आणि त्याला वास नसतो.

राख रोज काढा. साचली की हवा अडते, जाळी लाल होऊन वाकते. ओली राहिली तर तांब्यावर हिरवट डाग धरते. होळीनंतर बंब ठेवताना तोटी उघडी ठेवून पूर्ण रिकामा करा, नळीतली काजळी खरवडा आणि दोन दिवस उन्हात पालथा घालून मगच माळ्यावर चढवा.