मुलांच्या हातच्या नानकटाया एकसारख्या भाजण्यासाठी

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना नानकटाई वळायला बसवलं की एक गोळा सुपारीएवढा होतो, दुसरा लिंबाएवढा. मग लहान करपतात, मोठ्या आतून कच्च्या राहतात. गोळा हाताने तोडू न देता मापाच्या चमच्याने काढायला द्या.

1. अर्धी वाटी थिजलेलं साजूक तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर फेटून हलकं करा. त्यात एक वाटी मैदा, दोन चमचे बेसन, पाव चमचा बेकिंग पावडर आणि वेलचीपूड घाला. गोळा जमला की थांबा, कणकेसारखं मळू नका.

2. पीठ 15 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी गाळू नका. मुलांच्या हातांच्या उबेने तूप सुटतं आणि नानकटाई ट्रेवर पसरते.

3. 15 मिलीचा चमचा कोरड्या मैद्यात बुडवून मुलाकडे द्या. त्याने पीठ दाबून भरायचं, वरचं बोटाने सारखं करायचं आणि ताटलीत ठोकून काढायचं. माझ्या मुलीला हे ठोकणंच सगळ्यात आवडतं. मग गोल वळून, अंगठ्याने हलकं दाबून वर पिस्त्याचा काप.

4. आधी गरम केलेल्या ओव्हनमध्ये 160 अंशांवर 15 ते 18 मिनिटं.

ट्रे आत ठेवणं आणि बाहेर काढणं मोठ्यांनीच करावं. बाहेर काढल्यावर नानकटाई मऊ लागते, म्हणून कच्ची समजून पुन्हा आत ढकलू नका. 10 मिनिटांत खुसखुशीत होते.