ग्रेट व्हाइट बघायचाय? मग आधी तारकर्ली गाठा

पिंजऱ्यात उतरून ग्रेट व्हाइट शार्क बघायचा आणि तोही बोटीवरच तीन-चार दिवस मुक्काम करून, असं डोक्यात असेल तर मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाचे जुने व्हिडिओ बघून प्लॅन करू नका, जानेवारी २०२३ मध्ये तिथलं शार्क टुरिझम सरकारने बंदच करून टाकलंय. दक्षिण आफ्रिकेत गान्सबायला दिवसभराच्या ट्रिपा असतात, पण ऑर्कांनी (किलर व्हेल) तिथल्या ग्रेट व्हाइटना मारायला सुरुवात केल्यापासून ते दिसतीलच याचा नेम नाही. मुक्कामी ट्रिप म्हटलं की राहतं साउथ ऑस्ट्रेलिया. तिथे पोर्ट लिंकनच्या दक्षिणेला साधारण ६०-७० किलोमीटरवर नेप्च्यून आयलंड्स आहेत, बेटांवर फर सीलची भलीमोठी वसाहत, आणि त्यांना खायला म्हणून शार्क.

मुंबईहून सिंगापूरमार्गे ॲडलेड, तिथून छोट्या विमानाने तासाभराच्या आत पोर्ट लिंकन. रस्त्याने गेलात तर साडेसहाशे किलोमीटर. व्हिजिटर व्हिसा आधी हातात घ्या, मग बोटीचे पैसे भरा, उलटं नको.

आता मुद्द्याचं. पाण्याच्या पृष्ठभागाशी असतो त्या वरच्या पिंजऱ्याला डायव्हिंगचं सर्टिफिकेट लागत नाही, पोहणं जेमतेम आलं तरी चालतं. पिंजरा बोटीला मागे बांधलेला असतो, हवा बोटीवरून नळीने येते, तोंडात रेग्युलेटर (हवा देणारं तोंडात धरायचं यंत्र) धरायचा आणि तोंडानेच सावकाश श्वास घ्यायचा, बस. पण एवढंच करायचं असेल तर मुक्कामी ट्रिपवर लाखांत खर्च कशाला, पोर्ट लिंकनहून एका दिवसाच्या बोटीही सुटतात. मुक्कामाची खरी मजा आहे खाली समुद्राच्या तळाशी सोडतात त्या पिंजऱ्यात, साधारण २० मीटर खोल, आणि त्यासाठी ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचं, सर्टिफिकेट पाहिजेच. ते तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा सेंटरमध्ये करता येतं, पावसाळा सोडून कधीही. निघायच्या आदल्या महिन्यात घाईघाईत नको, आधी करा आणि मध्ये चार डाइव्ह मारून पाण्याच्या दाबाने दडे बसलेले कान मोकळे करायची सवय लावून घ्या.

कारण काय सांगतो, वर शार्क दिसतो तो ट्यूनाच्या तुकड्यामागे धावणारा, झडप घालणारा, पाण्यात नुसता फेस. खाली तोच शार्क इतका निवांत फिरतो की हाच का तो असं वाटतं. शेपटी हलते न हलते, बाजूने जाताना डोळा तुमच्यावर, परत धुक्यासारख्या निळ्यात गायब. मध्येच मोठमोठे पाकट तळावरून सरकत जातात. माझ्या मते ग्रेट व्हाइट कळतो तो इथेच, वर फक्त फोटो मिळतात.

सीझनचं म्हणाल तर साधारण मे ते ऑगस्ट मोठ्या माद्या येतात, पाच मीटरच्या आसपासच्यासुद्धा, पण तो तिकडचा हिवाळा, पाणी १५-१६ डिग्री आणि वर बोचरा वारा. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-फेब्रुवारीत, पाणी जरा बरं असतं पण शार्क बहुतेक नर आणि आकाराने लहान. ७ मिलिमीटरचा वेटसूट, हूड, ग्लोव्हज सगळं बोटीवर मिळतं, तुम्ही फक्त दोन जाड टोप्या आणि वाऱ्याचं जॅकेट न्या. कमरेला वजनं नेहमीपेक्षा जास्त बांधतात, पिंजऱ्यात तरंगायचं नसतं, पाय रोवून उभं राहायचं असतं, म्हणून पायात फिन्स (पोहायचे वल्ह्यासारखे पंखे) पण नाहीत.

बोट लागणे हा खरा शत्रू, शार्क नाही. दक्षिण महासागराच्या लाटा आहेत त्या, मांडव्याच्या लाँचमध्ये काही होत नाही म्हणून फुशारकी नको. गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीपासून सुरू करा, झोप आणणारी असेल तर डायव्हिंगला चालेल का तेही विचारा. आलेपाक न्यायचा असेल तर खुशाल न्या पण ॲडलेडला उतरताना कार्डावर खाण्याचे पदार्थ म्हणून लिहा, तिकडचे लोक याबाबतीत फार कडक आहेत.

पिंजऱ्यात हात आतल्या दांडीलाच. सेल्फी स्टिक बाहेर काढायची नाही, कॅमेरा वाइड ठेवा आणि सगळा वेळ स्क्रीनकडे बघत बसू नका, कारण शार्क तुम्ही बघत नाही त्या बाजूनेच येतो. भोवती ट्रेव्हली माशांचे थवे असतात, ते अचानक बाजूला झाले की मान फिरवा. पोटाखाली मागच्या परांजवळ दोन लांब नळ्यांसारखं दिसलं तर नर. कल्ल्यांपाशी वरचा राखाडी आणि खालचा पांढरा रंग जिथे भेटतात ती रेघ प्रत्येकाची वेगळी असते, त्यावरून अभ्यासक एकेक शार्क ओळखतात, फोटो चांगला आला तर बोटीवर द्या.

आमिष टाकून शार्क बोलावणं बरोबर का, हा वाद आहेच. तिथे परवाने मोजक्याच बोटींना आहेत आणि आमिष वापरायलाही नियम आहेत, तरी मला स्वतःला तळाचा पिंजरा जास्त पटतो तो यामुळेही. आणि एवढं करून शार्क दिसेलच असं नाही, २०१५ मध्ये ऑर्का येऊन गेल्यावर तिथले शार्क बरेच दिवस गायब होते. मुक्काम जितका जास्त तितका चान्स जास्त.

शाकाहारी असाल तर बुकिंगलाच सांगा, मध्यसमुद्रात दुकान नाही. डाइव्हनंतर लगेच विमानात बसणं धोक्याचं, म्हणून परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तासांनी, २४ धरलेत तर उत्तम. तो दिवस कॉफिन बेला काढा, पोर्ट लिंकनहून गाडीने जेमतेम पाऊण तास, कालवं खाणाऱ्यांनी तर सकाळीच निघावं.