ऑटोमॅटिकची पावर वाढवायची? आधी गिअरबॉक्सचं बघा

ऑटोमॅटिक म्हणजे गाडी मऊच राहणार असं काय नाय, पण मॅन्युअलवाल्या पोरांचं बघून थेट रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पावर वाढवणं) मारायला जाऊ नका. मी तेच केलेलं. लॅपटॉप लावून तासाभरात काम झालं, गाडी सुसाट, आणि पंधरा दिवसांनी भर मे महिन्यात करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा अशी गिअरची ओढाताण सुरू झाली आणि वर पोचेपर्यंत हिसके. गिअरबॉक्सचं ऑईल तापलेलं, दुसरं काय नव्हतं.

तर पहिलं, आपला गिअरबॉक्स कुठल्या जातीचा ते बघा. एएमटी असेल तर तो मॅन्युअलच असतोय, क्लच आणि गिअरचं काम तेवढं मशीन करतंय, त्यावर पैसे घालू नका, चांगले टायर टाका आणि गप बसा. सीव्हीटी म्हणजे गिअरऐवजी बेल्टवर चालणारा, त्याला जास्त टॉर्क (फिरवायची ताकद) दिला की आतला बेल्ट घसरतोय, तिथंबी हात आवरा. फोक्सवॅगनचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) २५० एनएम (न्यूटन मीटर, टॉर्कचं माप) एवढ्यासाठी बनवलेला, आणि त्यांचं १.५ टीएसआय पेट्रोल इंजिन कंपनीतनंच २५० एनएम देतंय, मग शिल्लक काय राहिलं ते तुम्हीच बघा. टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनची ताकद ऑईलमधनं पुढं देणारा गिअरबॉक्स, त्यातल्या त्यात सोसतो, खालचं सगळं त्याच्यासाठीच आहे.

सुरुवात ऑईलपासनं. कंपनी काय पण म्हणू दे, मी ५०-६० हजार किलोमीटरला बदलतो. जुन्या ऑईलचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका, तपकिरी दिसला आणि जळका वास आला तर समजून जा. ड्रेन केल्यावर सगळं ऑईल येत नाय, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं, म्हणून एकदा बदला, थोडे दिवस चालवा, परत बदला. पॅनमधल्या मॅग्नेटला करडा चिखल असतोच, त्याला घाबरू नका, धातूचे तुकडे दिसले तर मात्र ट्यूनिंगचा विषय तिथंच बंद. ऑईलची ग्रेड गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलीय तीच, आणि लेव्हल बघायची ती स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं यंत्र) लावून, कंपनीनं सांगितलेल्या टेंपरेचरलाच. गार ऑईलवर अंदाजपंचे लेव्हल केली की घोटाळा.

मग कूलर. रेडिएटरच्या पुढं वेगळा ऑईल कूलर बसतोय, ब्रॅकेट कोल्हापुरात उद्यमनगरात पाहिजे तसं करून मिळतंय, पण पाईप प्रेशरचाच घ्या आणि जॉईंट नीट क्रिंप करून (मशीननं दाबून पक्के) घ्या, क्लिप आवळून भागवू नका, पाईप निसटला की घाटातच गिअरबॉक्स बसला. थर्मोस्टॅटवाला घ्या, नायतर पावसाळ्यात ऑईल तापतच नाय आणि गिअर आळशी पडतात.

एवढं झाल्यावर रिमॅप, आणि तोपण इंजिन-गिअरबॉक्स दोन्हीचा. नुसता इंजिनचा केला आणि गिअरबॉक्सला वाढलेला टॉर्क कळलाच नाय तर तो जुन्या हिशोबानंच आतले क्लच दाबतो, दाब कमी पडतो, क्लच घसरतात, ऑईल परत तापतं. माझं तेच झालेलं. ट्यूनरला सांगा, खालच्या आरपीएमला टॉर्क जपून वाढव, आणि ओरिजिनल फाईल पेनड्राईव्हवर घेऊनच बाहेर पडा. इन्शुरन्सवाल्यांना आधी कळवा, वॉरंटी धरूच नका.

आणि ताराराणी चौकातल्या सिग्नलला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबून धरायचं बंद करा राव, गाडी जागेवर असताना इंजिनची सगळी ताकद कन्व्हर्टरमधल्या ऑईलला उकळायलाच जाते.